रोप वाटले, पण ओटा कुठे?

संपादक महोदय,

५ जूनचा पर्यावरण दिन जवळ आला की मुंबईतल्या वस्त्यांमध्ये रोपवाटपाची धांदल सुरू होते. फोटो निघतात, भाषणे होतात आणि जुलै सरेपर्यंत बहुतेक कुंड्यांत काळी पडलेली काडी उरते. हल्ली या कार्यक्रमांना मानसिक आरोग्याचेही नाव जोडले जाते. ते चुकीचे नाही. पण ज्या घरात पाणी, भाडे, शाळेची फी यांच्या काळजीने आधीच जीव मेटाकुटीला आलेला असतो, तिथे डोळ्यांदेखत मेलेले रोप म्हणजे आणखी एक न जमलेली गोष्ट. म्हणून पहिले ४० दिवस रोप जगेल कसे, हे ठरवल्याशिवाय वाटप करू नये, असे आमचे मत आहे.

हिरवाईने मनाला बरे वाटते, याला आधार आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरातल्या ५४१ ओसाड भूखंडांवर झालेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. काही भूखंडांवरचा कचरा काढून गवत आणि थोडी झाडे लावली, काहींवरचा फक्त कचरा उचलला, उरलेले तसेच ठेवले. हिरवळ केलेल्या भूखंडांजवळ राहणाऱ्यांमध्ये उदास वाटण्याचे प्रमाण, काहीच न केलेल्या ठिकाणांच्या तुलनेत ४१.५ टक्क्यांनी घटले. नुसत्या साफसफाईने म्हणावा तसा फरक पडला नाही. अर्थात तिथे अख्खा भूखंड होता. आपल्याकडे तीन-चार फुटांची गल्ली आणि दीड फुटाचा ओटा. पण ओट्यावरच्या डब्याचे एक बलस्थान आहे. तो आपला असतो, रोज हात लावावा लागतो आणि पाणी घालताना समोरच्या दाराशी दोन शब्द होतात. दिवसभर घरात एकट्या असणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना याचा उपयोग सर्वांत जास्त होतो.

सुरुवात कशाने करावी? जास्वंद, गुलाब अजिबात नको. त्यांना पिठ्या ढेकूण ही पांढरी कीड लागते आणि नवखा माणूस हात टेकतो. मुंबईत समुद्राकाठच्या वाळूत पिकणारी आणि बाजारात छोट्या जुड्यांनी मिळणारी समुद्रमेथी सगळ्यांना ठाऊक आहे. तीच युक्ती करावी. चार इंच खोल खोक्यात निम्मी धुतलेली वाळू, निम्मे खत, वर रात्रभर भिजवलेले मेथीदाणे दाट पेरून अर्धा इंच माती. तीन-चार दिवसांत कोंब वर येतात आणि दोन आठवड्यांत वीतभरही न वाढलेली मेथी डाळीत पडते. पेरणाऱ्याला इतक्या लवकर फळ मिळते, हीच यातली खरी गोष्ट. कोथिंबिरीला त्यापेक्षा तिप्पट वेळ लागतो आणि धणे दोन फाकांत फोडून न पेरल्यास ती विरळ उगवते. जूनच्या झोडपणाऱ्या पावसात दोन्ही लावू नयेत. पावसाळ्यात मायाळू आणि अळू लावावेत. पालेभाज्यांना सप्टेंबरअखेरीपासून पुढचा काळ चांगला. ऊन तासभरच येत असेल तर पानओवा आणि पुदिना. मिरची, तुळस, कढीपत्ता यांना किमान चार तास ऊन हवे. ते नसेल तर मिरचीचा हट्ट धरू नये, नुसती पाने येतात.

डबा कुठला, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. रंगाची रिकामी २० लिटरची बादली चालते, मात्र ती आतून नीट खरवडून, धुऊन. भंगारात मिळणारे निळे पिंप आधी कोणत्या रसायनाचे होते हे कळत नसेल तर खाण्याच्या भाजीला वापरू नये. मासळी बाजारात टाकून दिलेले थर्माकोलचे खोके हलके असतात आणि मुळे तापू देत नाहीत. पण बर्फाच्या पाण्यातले मीठ जाईपर्यंत दोन-तीनदा धुवावेत आणि आतून सिमेंटची गोणी लावावी, नाहीतर थर्माकोलचे दाणे गल्लीभर होतात. माती नाल्याकाठची किंवा भंगारवाल्याच्या अंगणातली नको. तिच्यात शिसे असण्याची शक्यता असते. तीन समान भाग करावेत: लाल माती, भिजवून पिळलेला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पालापाचोळ्याचे खत. नुसत्या लाल मातीने भरलेली ओली बादली ३० किलोच्या घरात जाते, या मिश्रणाने वजन बरेच उतरते. तरीही सिमेंटच्या पत्र्यावर ती ठेवू नये. दोडक्याचा किंवा घोसाळ्याचा वेल पत्र्यावर न पसरवता चार-पाच इंच वर सुतळीच्या जाळीवर चढवावा. पत्रा कमी तापतो आणि लोखंडी असेल तर गंजतही नाही. जाळीचे टोक छपराच्या फटीपासून हातभर दूर ठेवावे, नाहीतर उंदरांना आयती शिडी मिळते.

भोक बुडाला न पाडता बाजूला, तळापासून एक इंच वर पाडावे आणि तळात विटांचे तुकडे घालावेत. थोडे पाणी आत राहते आणि शेजाऱ्याच्या दारात थेंब पडत नाहीत. त्या थेंबांवरून होणारी भांडणे बागेने मिळवलेली सगळी शांती घालवतात. पावसाळ्यात मात्र बुडालाही एक भोक हवेच. डबे जमिनीवर मांडू नयेत, भिंतीला टांगावेत. गल्लीतून पाण्याचे पिंप, गॅसचा सिलिंडर आणि वेळ आली तर स्ट्रेचरही जायचे असते.

पाण्याबद्दल नेहमी आक्षेप येतो. मुंबईत पालिकेच्या निकषानुसार इमारतीत माणशी १३५ लिटर आणि झोपडपट्टीत ४५ लिटर, तेव्हा तो रास्तच आहे. पण पाच डब्यांना उन्हाळ्यात रोज पाच-सात लिटर लागते आणि तांदूळ, डाळ, भाजी धुतलेल्या पाण्यात ते बरेचसे भागते. कपड्यांच्या साबणाचे पाणी घालू नये, माती काही महिन्यांत दगडासारखी होते. डब्याखाली थाळी असेल तर ती वाळूने भरावी. डेंग्यूचा डास अंड्यापासून साधारण आठ-दहा दिवसांत तयार होतो, म्हणून बाटलीतल्या मनीप्लांटचे पाणी दर आठवड्याला ओतून टाकायचे आणि बाटली आतून घासायची. ओला कचरा दारात कुजवू नये, घुशी येतात.

आता मनाकडे. बाग औषधाची जागा घेत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक गेली असेल, कशातच जीव रमत नसेल किंवा जगणे नकोसे झाल्याचे विचार येत असतील, तर डॉक्टरकडेच जावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आणि चोवीस तास आहे. अशा माणसावर नाजूक रोपाची जबाबदारी एकट्याने टाकू नये. एक खोका दोन घरांत मिळून असावा, म्हणजे एखाद्या दिवशी उठावेसेच वाटले नाही तर शेजारीण पाणी घालते आणि विचारपूसही होते. ‘सुंदर बाग स्पर्धा’ भरवू नयेत. आणि विषारी कीटकनाशकाची बाटली घरात येऊच देऊ नये. कारण उघड आहे. रोपावर मावा कीड आली तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचे तेल आणि भांडी धुण्याच्या साबणाचे चार थेंब पुरतात. संध्याकाळी फवारावे, आठवड्याने पुन्हा.

भाडेकरूंचा प्रश्न वेगळा. ११ महिन्यांनी खोली बदलते, म्हणून त्यांनी वेल लावण्यापेक्षा उचलून नेता येतील असे खोके ठेवावेत. माती टाकून जाऊ नये. मुरलेली माती पहिल्यापेक्षा चांगली असते.

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींचे काय? ३०० चौरस फुटांचे घर मिळते, त्यासोबत नळ, संडास, भिंती येतात. ओटा मात्र जातो. खिडक्या समोरच्या इमारतीच्या भिंतीवर किंवा डक्टमध्ये उघडतात. मग लोक खिडकीबाहेर लोखंडी पिंजरे बसवून त्यात कुंड्या कोंबतात. आगीच्या वेळी तेच पिंजरे बाहेर पडण्याच्या आड येतात. आराखड्यातच मजल्याच्या सामाईक मार्गिकेला, येण्याजाण्याची ठरलेली रुंदी सोडून, उजेडाच्या बाजूने एक फूट रुंदीचा पक्का कट्टा आणि त्याचे पाणी जायला पन्हळ द्यावी.

पालिकेच्या उद्यान विभागाकडेही एक मागणी आहे. अनेक उद्यानांत पालापाचोळ्याचे खत होते. रोपांऐवजी प्रत्येक घराला त्या खताची एक गोणी आणि मूठभर मेथीदाणे द्यावेत, वाटप जूनऐवजी ऑक्टोबरमध्ये करावे आणि तिसऱ्या, दहाव्या व तिसाव्या दिवशी कोणीतरी दारात येऊन विचारावे. आरोग्यसेविका घरोघरी जातातच. पण हे काम त्यांच्या माथी फुकट मारू नये, त्याचा वेगळा मोबदला द्यावा.

– वस्त्यांमध्ये घरबागेचे काम करणारे काही कार्यकर्ते, मुंबई