संशोधन मागे घेतलं जातं, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतलं व्यवस्थापनावरचं सदर मी नेमाने वाचते. ‘अमुक बिझनेस स्कूलच्या संशोधनातून असं आढळलं’ ही त्याची ठरलेली सुरुवात. मी एका कंपनीच्या लेखा विभागात प्रवासखर्चाची बिलं तपासते. असं काही छापून आलं की त्याचं कात्रण फिरत फिरत शेवटी आमच्याच टेबलावर येऊन पडतं, म्हणून हे पत्र.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे टीए बिलाचा फॉर्म बदलला. तळाशी असायची ती सही माथ्यावर गेली. कारण होतं 2012 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आलेला एक शोधनिबंध. आधी सही घेतली की माणूस पुढचे आकडे जास्त खरे लिहितो, असा त्याचा निष्कर्ष. वरिष्ठांना कल्पना भलतीच आवडली. फुकटात मिळणारा प्रामाणिकपणा कुणाला नको? जुने फॉर्म रद्दीत गेले, नवे छापून आले. पुढे झालं असं, की दौऱ्यावर निघणारे साहेब लोक कोऱ्या फॉर्मांवर आधीच सह्या ठोकून ठेवू लागले आणि परतल्यावर आकडे त्यांचे सहायक भरू लागले. सही तळाशी होती तेव्हा निदान भरलेला कागद साहेबांच्या डोळ्यांखालून जायचा तरी!

त्या निबंधाचा मोठा आधार होता एका मोटार विमा कंपनीची आकडेवारी. 13 हजारांहून अधिक ग्राहकांनी आपल्या गाडीच्या मीटरचा आकडा आधी एकदा आणि पुढे पुन्हा एकदा लिहून दिला होता; दुसऱ्या वेळी काहींची सही माथ्यावर, काहींची तळाशी. 2020 मध्ये त्याच लेखकांनी आणखी मोठे प्रयोग केले आणि परिणाम दिसत नाही असं स्वतःच जाहीर केलं. ऑगस्ट 2021 मध्ये दुसऱ्या तिघा संशोधकांनी मूळ आकडे उघडून दाखवले, ते वाचताना मला हसू आवरेना. दोन नोंदींच्या मधलं गाड्यांचं धावणं शून्यापासून 50 हजार मैलांपर्यंत सगळीकडे सारखं पसरलेलं, आणि 50 हजारांच्या पलीकडे एकदम सामसूम. त्याहून गमतीचं पुढेच आहे. माणूस हाताने मीटरचा आकडा लिहितो तेव्हा अनेकदा शेवटी शून्यं टाकून मोकळा होतो. पहिल्या वेळच्या नोंदींत असे शून्यांत संपणारे आकडे भरपूर होते. दुसऱ्या वेळच्या नोंदींत ते जणू गायबच. शिवाय पहिल्या वेळच्या रकान्यातले निम्मे आकडे एका फॉन्टमध्ये आणि निम्मे दुसऱ्या. रोज शंभर बिलं डोळ्यांखालून घालणाऱ्या कुठल्याही कारकुनाने हा कागद बनावट म्हणून बाजूला काढला असता. सप्टेंबर 2021 मध्ये निबंध मागे घेतला गेला. त्याच्यासह चार निबंधांच्या चौकशीनंतर (या निबंधातल्या दुसऱ्या एका प्रयोगावरून, विम्याच्या आकड्यांवरून नव्हे) हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या एका प्राध्यापिकेचं कायम पद 2025 मध्ये विद्यापीठाने काढून घेतलं. त्यांनी आरोप नाकारले आहेत.

निबंध मागे गेला, कात्रण मात्र फायलीतच राहिलं. आमचा फॉर्मही अजून तोच आहे. मी विचारलं, तर ‘अहो, ते संशोधन आहे’ असं उत्तर मिळालं.

अमेरिकेतल्या हॉथॉर्न कारखान्यात झालेल्या दिव्यांच्या जुन्या प्रयोगाची गोष्टही अशीच. प्रकाश वाढवा वा कमी करा, आपल्याकडे लक्ष आहे एवढ्यानेच कामगार जास्त काम करतात, हे प्रत्येक प्रशिक्षणात ऐकवलं जातं. ते मूळ आकडे 2011 मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी पुन्हा तपासले, तेव्हा सांगितला जातो तसा ठळक परिणाम त्यांत सापडला नाही. हे सांगणारा प्रशिक्षक मला अजून भेटायचा आहे.

माझा संशोधनावर राग नाही. उलट चांगलं संशोधन कसं असतं तेही सदरात यावं. 2024 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेला अभ्यास घ्या. प्रवास-आरक्षण करणाऱ्या एका चिनी कंपनीतले 1,612 कर्मचारी वाढदिवसाच्या तारखेवरून दोन गटांत विभागले. विषम तारखेच्या लोकांना आठवड्यातले दोन दिवस घरून काम, सम तारखेचे लोक पाचही दिवस ऑफिसात. लाडक्यांना सवलत आणि इतरांना ठेंगा, असं करायला वावच नाही. सहा महिन्यांत घरून काम करणाऱ्या गटात नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं, पुढे दोन वर्षं कामाच्या मूल्यमापनात फरक पडला नाही. आधी ‘काम घटेल’ म्हणणारे व्यवस्थापकच शेवटी ‘थोडं वाढतं’ म्हणू लागले. तरी हीसुद्धा एकाच कंपनीची गोष्ट आहे, आणि बातमीत तेही यायला हवं.

माझी मागणी साधी आहे. सदरात प्रत्येक निष्कर्षासोबत एवढं द्या: माणसं किती होती, ती गटांत कशी वाटली, आणि दुसऱ्या कुणी तो प्रयोग करून पाहिला का. पुढे निबंध मागे घेतला गेला तर तेही त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात छापा, कारण वरिष्ठ मंडळी आतल्या पानावरची चौकट वाचत नाहीत. 2012 चा तो निबंध आपल्याकडे छापून आला होता का, हे आपल्या संदर्भ विभागाला तासाभरात सांगता येईल. आला असेल, तर सुरुवात त्याच्यापासूनच करावी.

आपली,
एक नियमित वाचक, लेखा विभाग