सूचना : आयोवातील नव्या नियमांच्या अंमलाची तारीख

अमेरिकेतील आयोवा राज्यात व्यवसाय-परवाना असलेल्या सभासदांस कळविण्यात येते की, राज्याच्या एखाद्या खात्याचा अंतिम नियम प्रशासकीय राजपत्रात प्रसिद्ध झाला, तरी साधारण ३५ दिवसांनी येणारी त्याच्या अंमलाची तारीख पक्की धरू नये. विधिमंडळाच्या दहा सदस्यीय नियम पुनर्विलोकन समितीने दोन-तृतीयांश, म्हणजे किमान ७ मतांनी ठराव केल्यास ती आणखी ७० दिवस, किंवा थेट पुढील नियमित अधिवेशन संपेपर्यंत लांबू शकते. अशा स्थगितीमुळे नियम रद्द होतो, हा गैरसमज आपल्यात बराच आहे; प्रत्यक्षात तो रद्द होत नाही. तातडीने लागू केलेल्या नियमांना ही ७० दिवसांची स्थगिती मिळत नाही. तेव्हा दुकानातील दिनदर्शिकेवर तारीख तूर्त पेन्सिलीनेच लिहावी आणि दर दुसऱ्या बुधवारी निघणारे राजपत्र पाहिल्याखेरीज नवे फलक वा अर्ज छापून घेऊ नयेत.

— चिटणीस