कुनू हे मंडेलांचे जन्मगाव नव्हे

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

18 जुलैला, नेल्सन मंडेला यांच्या जयंतीच्या सुमारास, मराठी वृत्तपत्रांत ‘मंडेलांचे जन्मगाव कुनू’ असा उल्लेख अनेकदा वाचायला मिळतो. वस्तुतः मंडेलांचा जन्म 1918 मध्ये म्बाशे नदीकाठच्या म्वेझो गावी झाला. कुनू हे त्यांच्या बालपणाचे गाव. दोन्ही खोसाभाषक गावे दक्षिण आफ्रिकेच्या आजच्या ईस्टर्न केप प्रांतातच असल्याने ही चूक किरकोळ वाटेल. परंतु ते कुटुंब म्वेझो सोडून कुनूला का आले, हा इतिहासच तिच्यामुळे वाचकापासून दूर राहतो.

मंडेलांनी आत्मचरित्रात दिलेल्या हकिकतीप्रमाणे, एका भरकटलेल्या बैलाच्या तक्रारीवरून गोऱ्या मॅजिस्ट्रेटने म्वेझोचे प्रमुख असलेल्या त्यांच्या वडिलांना, गाडला यांना, बोलावणे धाडले. आपल्या थेंबू समाजाच्या रिवाजाने चालणाऱ्या कारभारात मॅजिस्ट्रेटने दखल देण्याचे कारण नाही, या भूमिकेतून ते गेले नाहीत. त्यांचे पद गेले, जमीन आणि गुरांचा मोठा हिस्साही गेला, आणि आई नोसेकेनी लहानग्या मुलाला घेऊन आप्तांच्या आधाराने कुनूला राहू लागली.

तिथे त्यांच्या तीन गोल झोपड्या होत्या: एक स्वयंपाकाची, एक निजण्याची, एक धान्य साठवण्याची. जमीन वारुळाच्या मातीची, ताज्या शेणाने सारवलेली. पाचव्या वर्षी मुलगा मेंढ्या आणि वासरे राखू लागला. शाळेत जायची वेळ आली तेव्हा वडिलांनी स्वतःची विजार गुडघ्यापाशी कापून, कमरेला दोरी बांधून त्याला घातली. रोलिहलाहला या मुलाला ‘नेल्सन’ हे नाव त्याच शाळेच्या पहिल्या दिवशी शिक्षिकेने दिले. गावात वावर मुख्यतः बायकामुलांचा होता, कारण बहुतेक कर्ते पुरुष दूरच्या मळ्यांवर किंवा जोहान्सबर्गकडील सोन्याच्या खाणींत राबत आणि वर्षातून एकदोनदा, प्रामुख्याने नांगरणीसाठी, घरी येत. कुनूचे वर्णन ‘हिरव्या टेकड्यांतले रम्य गाव’ एवढ्यावर संपवले जाते, याचे मला म्हणूनच वाईट वाटते.

वडिलांच्या मृत्यूनंतर आईने मुलाला पायी मखेकेझ्वेनीला, थेंबूंचे कारभारी जोंगिंताबा यांच्या घरी नेऊन सोडले. 1968 मध्ये ती वारली तेव्हा तो रॉबेन बेटावर कैदेत होता आणि अंत्यविधीला जाण्याची परवानगी त्याला नाकारण्यात आली. सुटकेनंतर मंडेला कुनूला तिच्या थडग्यापाशी गेले, तेव्हा गावचे पाणी दूषित झालेले आणि रानात प्लास्टिकच्या पिशव्या विखुरलेल्या पाहून ते व्यथित झाले. पुढे त्यांनी तिथेच घर बांधले, तेही व्हिक्टर व्हर्स्टर तुरुंगाच्या आवारातील, जिथे त्यांचा अखेरचा बंदिवास गेला, त्या घराच्या आराखड्यावर. त्याची मापे अंगवळणी पडलेली असल्याने रात्री स्वयंपाकघर शोधत फिरावे लागणार नाही, असे कारण त्यांनी दिले आहे.

15 डिसेंबर 2013 रोजी त्यांचे दफनही कुनूलाच झाले. तेव्हा येत्या 18 जुलैला आपल्या दैनिकात जन्मगाव म्हणून म्वेझोचा आणि बालपणाचे व चिरविश्रांतीचे गाव म्हणून कुनूचा उल्लेख व्हावा, आणि जागा असल्यास त्या बैलाची हकिकतही चार ओळींत यावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, सांगली