भिलारच्या त्या ताईंचे आभार

पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं भिलार 2017 पासून पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत पुस्तकांची कपाटं. कुणीही यावं, बसून वाचावं, पैसे लागत नाहीत. आईला तिथं जायचंच होतं. तिला अक्षरओळख झाली ती साक्षरता अभियानातल्या रात्रीच्या वर्गात, आम्ही शाळेत जायला लागल्यावर. तेव्हापासून भेळेचा कागदसुद्धा ती वाचल्याशिवाय टाकत नाही.

गाडीतून उतरताना तिचा चष्मा पडला, काच फुटली. कपाटासमोर आई नुसतीच उभी. त्या घरच्या ताईंनी आधी सासूबाईंचा चष्मा आणून दिला. नंबर जुळेना. मग स्ट्रॉबेरीची ऐन धांदल असूनही त्या शेजारी बसल्या आणि आईनं हाताला लागेल ती काढलेली कथा मोठ्यानं वाचू लागल्या. आई मध्येच अडवायची, "हे परत वाचा." त्या न कंटाळता मागच्या ओळीवर जायच्या. (आमचा एवढा धीर निघाला नसता.) वर चहा. पैशांचं काढलं तर रागावल्या.

ताई, मनापासून आभार. आईचा नवा चष्मा आलाय. सासूबाईंना नमस्कार सांगा.