हेड युनिट शाबूत असताना ते बदलण्याचे अंदाजपत्रक दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ऑडिओ सिस्टीम न तपासता तपासणी शुल्क घेणे व वॉरंटी नाकारणे.

महोदय,

आपल्या कोल्हापुरातील अधिकृत सर्व्हिस सेंटरचे जॉबकार्ड सोबत जोडले आहे. त्यावर माझ्या तक्रारीबाबत एवढेच लिहिले आहे: ‘ऑडिओ बंद. हेड युनिट फॉल्टी. बदलणे.’ त्याखाली नव्या हेड युनिटचे (डॅशबोर्डमधल्या स्क्रीनवाल्या म्युझिक सिस्टीमचे) 28,400 रुपयांचे अंदाजपत्रक, आणि तपासणीचे म्हणून 500 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, असे 590 रुपये. अंदाजपत्रक मी नाकारले. 590 रुपये मात्र भरल्याशिवाय गाडी मिळाली नाही.

बिघाड असा होता. पाऊस सुरू झाल्यापासून ड्रायव्हरच्या दारातला स्पीकर खरखरत होता. दार आपटले की कधी चालू, कधी बंद. पुढे चारही स्पीकर एकदम मुके झाले. स्क्रीन लागत होती, ब्लूटूथ जोडला जात होता, गाणे पुढे सरकताना दिसत होते, घड्याळही बरोबर. आवाज तेवढा नाही. हे सगळे मी गाडी ताब्यात देतानाच सांगितले होते, दाराचे तर दोनदा. जॉबकार्डावर दाराचा उल्लेखही नाही.

आपल्या सल्लागारांनी स्क्रीन चालू केली, आवाज वाढवून पाहिला आणि म्हणाले, “सर, मशीन गेलंय. नवीनच टाकावं लागेल.” वाढीव वॉरंटी अजून शिल्लक आहे म्हटल्यावर त्यांचे लक्ष मी बाहेरून बसवलेल्या रिव्हर्स कॅमेऱ्याकडे गेले. त्या कॅमेऱ्यामुळे ऑडिओची वॉरंटी रद्द, असे तोंडी सांगण्यात आले. लेखी मागितल्यावर ‘सिस्टीममध्ये तशी सोय नाही’. कॅमेऱ्याला वीज रिव्हर्सच्या दिव्यावरून घेतली आहे आणि त्याचे चित्र आरशातल्या वेगळ्या स्क्रीनवर दिसते. हेड युनिटशी किंवा स्पीकरशी त्याची एकही वायर जोडलेली नाही.

त्यानंतर गाडी शिवाजी उद्यमनगरातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. तिथे काय झाले ते सविस्तर लिहितो, कारण तपासणी म्हणून मी ज्याचे पैसे आपल्याला दिले ते काम तिथे झाले.

त्यांनी आधी प्रश्न विचारले. घड्याळ चुकते का? सेव्ह केलेली स्टेशने पुसली जातात का? दोन्ही नाही म्हटल्यावर ते म्हणाले, म्हणजे बॅटरीचा कायमचा पुरवठा येतोय, आणि चावी फिरवल्यावर स्क्रीन लागते म्हणजे दुसराही येतोय. फ्यूज तरीही काढून पाहिला. रेडिओ, ब्लूटूथ, पेनड्राइव्ह सगळ्यांवर शांतता, तेव्हा अँटेना आणि मोबाइलचा प्रश्न निकालात निघाला. उरल्या दोनच शक्यता: युनिटच्या आतला अॅम्प्लिफायर जळलाय, किंवा स्पीकरची एखादी वायर बॉडीला लागल्यामुळे त्याने स्वतःला वाचवायला आवाज बंद केलाय. अशा युनिटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींत विद्युतदाब असतो, त्यातली कुठलीही अर्थिंगची नसते. त्यामुळे एक जरी गाडीच्या पत्र्याला टेकली तरी संरक्षण यंत्रणा काम करू शकते.

मग युनिट बाहेर काढून त्यांनी मागची एकेका स्पीकरची जोडी सोडवायला सुरुवात केली. ड्रायव्हरच्या दाराची जोडी सुटली आणि युनिट पुन्हा चालू करताच उरलेले तीनही स्पीकर वाजू लागले! ‘मेलेले’ मशीन ते हेच. त्या जोडीतल्या एका वायरीवर आणि पत्र्यावर मल्टिमीटर लावला तर सलग बीप, म्हणजे दोन्ही एकमेकांना टेकलेले; तिथे काहीच वाजायला नको होते. स्पीकर वेगळा करून मोजला तर साडेतीन ओहमच्या आसपास, म्हणजे चार ओहमच्या स्पीकरला साजेसाच. पेन्सिल सेल टेकवल्यावर त्याने टक् आवाजही केला. पिलर आणि दार यांच्यामधली रबरी नळी मागे सारली तेव्हा दोष डोळ्यांना दिसला. दार उघडझाप होताना वायर जिथे वाकते तिथेच तिचे आवरण चिरले होते आणि उघडे, हिरवट पडलेले तांबे पत्र्याला टेकले होते. दाराखालची पाणी जायची भोकेही चिखलाने बुजलेली निघाली, ती त्यांनी न सांगता साफ केली.

घरातला बल्ब लागला नाही तर कोणी आधी विजेचा मीटर बदलत नाही. आपल्याकडे दाराला हातही लागलेला नव्हता: आतल्या पॅनेलमागचा प्लॅस्टिकचा पडदा कारखान्यात चिकटवला तसाच अखंड होता. त्याचा आणि वायरीचा फोटो जोडला आहे. शिवाय त्या अवस्थेत 28,400 रुपयांचे नवे युनिट बसवले असते तर तेही गप्पच बसले असते. मग कदाचित दुसरे अंदाजपत्रक आले असते.

वायर तूर्त सोल्डर करून, स्लीव्ह चढवून घेतली आहे. माझ्या मागण्या साध्या आहेत. 590 रुपये परत करावेत. कोणती तपासणी झाली आणि मीटरवर काय रीडिंग आले ते लेखी द्यावे. झालीच नसेल तर तसे लिहावे. दाराचा वायरिंग हार्नेस (वायरींचा जुडगा) वाढीव वॉरंटीत बदलून द्यावा, आणि नकार असेल तर वॉरंटीच्या कोणत्या अटीनुसार ते त्या अटीच्या क्रमांकासह कळवावे. ‘बाहेरचा हात लागला’ हे कारण मी स्वीकारणार नाही, कारण बाहेर जायची वेळ आपणच आणली.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन, आणि गरज पडल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगाकडे जाईन. उत्तर फोनवर नको, ईमेलने किंवा टपालाने द्यावे.

आपला,
एक गाडीमालक, कोल्हापूर

सोबत: जॉबकार्ड, 590 रुपयांची पावती, अंदाजपत्रक, वाढीव वॉरंटीची प्रत, दाराचे व वायरीचे फोटो, दुरुस्तीचे बिल.