लिंकचे शब्द बोलके हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संकेतस्थळावरील मजकुराच्या भाषेवर आणि मांडणीवर बरीच मेहनत घेतली जाते; पण त्यातली लिंक नेमक्या कोणत्या शब्दांना जोडायची, हा विचार बहुधा शेवटी आणि घाईघाईत होतो. त्याचा त्रास वाचकाला किती होतो, हे मी जवळून पाहिले आहे.

माझे एक दृष्टिहीन स्नेही स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली, वापरतात. अख्खे पान ऐकत बसण्याऐवजी ते आधी त्यावरच्या लिंकची यादी ऐकतात. मध्यंतरी एक अर्ज भरताना मी त्यांच्या शेजारी होतो. यंत्र वाचत गेले : ‘येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. अधिक वाचा. येथे क्लिक करा.’ अर्जाचा नमुना कोणता, शुल्काचा तपशील कोणता, काहीच कळेना. अखेर त्यांना एकेक लिंक उघडून पाहावी लागली. तिथे ‘अर्जाचा नमुना’ आणि ‘शुल्काचा तपशील’ एवढेच शब्द असते, तर काम चटकन झाले असते.

डोळस वाचकही पान आधी चाळतो आणि त्याची नजर वेगळ्या रंगाच्या शब्दांवर थबकते. ही लिंक आता उघडावी की वाचून झाल्यावर, हे त्याला तिच्या शब्दांवरूनच ठरवायचे असते. बातमीच्या ऐन मध्यावर, दोन परिच्छेदांच्या बेचक्यात येणारे ‘हेही वाचा’ मला म्हणूनच फार खटकते. तिथे विचाराचा धागा तुटतो आणि पुढचा परिच्छेद कशाबद्दल होता, हे पाहायला पुन्हा वर जावे लागते.

लिंकचा उद्देश तिच्या शब्दांवरून किंवा लगतच्या मजकुरावरून समजावा आणि ती केवळ रंगावरून ओळखावी लागू नये, या अपेक्षा वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियम या संस्थेच्या 2008 च्या सुगम्यता (दिव्यांगांनाही संकेतस्थळे वापरता यावीत यासाठीच्या) मार्गदर्शक तत्त्वांमध्ये अगदी प्राथमिक पातळीवर नोंदवलेल्या आहेत. लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्यांसाठी अधोरेखन हा साधा उपाय आहे; मात्र लिंक नसलेले शब्द अधोरेखित करू नयेत, नाहीतर वाचक त्यांवर उगाच बोट दाबत राहतो. उघडून झालेल्या लिंकचा रंग बदलणेही अनेक ठिकाणी बंद झाले आहे, त्यामुळे वाचलेल्याच पानावर माणूस पुन्हा जाऊन पोहोचतो.

आपल्या दैनिकाच्या संकेतस्थळावर ‘हेही वाचा’च्या लिंक बातमी संपल्यावर, पूर्ण मथळ्यासह द्याव्यात, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक