टेम्पोवर बॅनर कुणाचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

संपाच्या पुढारीपणावरून चाललेल्या हमरीतुमरीवर आपला कालचा अग्रलेख वाचला. दोन्ही पुढाऱ्यांचे फोटो झकास आले आहेत. ‘कामगारांनी एकतर नेता बदलावा, नाहीतर कामावर रुजू व्हावं’ हा सल्लाही फुकटात दिलात, आभारी आहे.

नेता बदलून काय होतं ते मुंबईच्या गिरणी कामगारांना विचारा. १९८२ साली अडीच लाख माणूस डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेला. मालकांशी बोलायचा हक्क मात्र कायद्याने जुन्या मान्यताप्राप्त युनियनकडे, राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच राहिला. एवढं लांब कशाला, १९८९ साली शनिवारवाड्यासमोर टेल्कोचे (आताची टाटा मोटर्स) कामगार आपले नेते राजन नायर यांच्यासाठी उपोषणाला बसले, तेव्हा व्यवस्थापनाने करार केला तो दुसऱ्याच युनियनशी. उपोषणकर्त्यांना पोलिसांनी रात्रीतून उचललं. अग्रलेख लिहिणाऱ्यांचा तेव्हा जन्म झाला नसावा, एरवी हे विसरण्यासारखं नाही.

मी भोसरीत फिटर होतो. आमच्या कंपनीत (नाव लिहीत नाही, उगाच आपल्याला वकिलाची नोटीस यायची) त्यानंतर काही वर्षांनी संप झाला आणि दुसऱ्याच महिन्यात युनियन फुटली. गेटच्या डाव्या हाताला एक मांडव, उजव्या हाताला दुसरा. मदतनिधीचे डबे दोन, पावतीपुस्तकं दोन. बँकेतला निधी अडकला, कारण सही कुणाची चालणार यावर दोघांचे अर्ज. अशात जुन्नरकडच्या आमच्याच एका सहकाऱ्याच्या गावाने ज्वारी गोळा करून टेम्पो पाठवला. सकाळी दहाला टेम्पो गेटवर लागला. आता फोटो काढायचा, तर टेम्पोवर बॅनर कुणाचा? आधी यांनी बांधला, मग त्यांनी सोडला. ड्रायव्हर बिचारा दोनदा चहा पिऊन आला. दुपारी तीनला पाऊस आला तेव्हा दोन्हीकडचे पुढारी आपापल्या मांडवात पळाले आणि पोती तशीच उघड्यावर!

माझ्या वाट्याचं पोतं खालून भिजलेलं निघालं. बायकोने ती ज्वारी चार दिवस चाळीच्या गच्चीवर जुन्या साडीवर वाळवली, तरी भाकरीला कुबट वास यायचाच. धाकटा ताट सरकवायचा. वाण्याने मात्र चार महिने वहीवर माल दिला. कुठल्या युनियनचा, असं त्याने एकदाही विचारलं नाही. संपाला पाठिंबा म्हणतात तो मी त्या दुकानात पाहिला. पत्रकं दोन्हीकडून भरपूर आली, ती सौ.ने फडताळात अंथरली.

पुढाऱ्यांची बाजू मी घेत नाही. आमच्या दोघांपैकी एक पुढे नगरसेवकपदाला उभा राहिला आणि पडला, याचा मला आजही आनंद आहे. पण केंद्राच्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत, एकाहून जास्त युनियन असतील तर एकट्याने बोलणी करणाऱ्या युनियनला ५१ टक्के सभासद लागतात, महाराष्ट्राच्या १९७१च्या कायद्यात मान्यतेला ३० टक्के पुरत. म्हणजे गेटवर डोकी मोजायची मारामारी आता आणखी वाढणार. यावर लिहा की! आणि आपला वार्ताहर एकदा तरी मांडवामागे, जिथे खिचडी शिजते, तिथे पाठवा.

ता.क. – गेल्या महिन्यातलं पीएमपी बसच्या पासवरचं माझं पत्र आपण निम्मं कापलंत आणि वर मला चिंचवडचा करून टाकलंत. मी चाळीस वर्षं कासारवाडीत राहतो.

– एक निवृत्त फिटर, कासारवाडी